मालिकेच्या घराचा नकाशा

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंना मुलं होकाबाई म्हणतात. मूळ टोपणनाव होकायंत्र, पण तेवढं लांब नाव हाकेत बसत नाही. बाईंना हे नाव माहीत आहे आणि, खरं सांगायचं तर, आवडतंही. मला मुलं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी चित्रकला शिकवतो. गेली कित्येक वर्षं शिक्षकखोलीत आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसतो. शाळेत उरलेसुरले तास ज्यांच्या वाट्याला येतात असे विषय दोनच, त्यांचा आणि माझा, तेव्हा शेजार आपोआपच जमला.

बाईंना डावं-उजवं हे शब्द वर्ज्य. “सर, तुमचा चष्मा रजिस्टरच्या नैर्ऋत्येला आहे,” असं त्या सहज बोलून जातात. सुरुवातीला माझा जीव चडफडायचा. चष्मा शोधणाऱ्या माणसाला आधीच दिसत नसतं, त्यात त्यानं नैर्ऋत्य कुठे शोधायची? पण हळूहळू लक्षात आलं, की त्यांच्या सांगण्याप्रमाणे वस्तू लवकर सापडते. आता घरी मी बायकोला तसंच सांगायला लागलोय आणि बोलणी खातोय.

आमचा एक वाद मात्र कधी मिटला नाही. माझं म्हणणं, नकाशा म्हणजे चित्रच, फक्त रुक्ष माणसानं काढलेलं. त्यांचं म्हणणं, “चित्रात तुम्ही कुठे उभे होतात ते कळतं, सर. नकाशा काढणाऱ्याला सगळीकडे हिंडून यावं लागतं.” यावर मला उत्तर सुचायला दोन दिवस लागले, आणि सुचलं तेव्हा त्या वर्गावर गेल्या होत्या.

त्यांचं घर माझ्या मागच्याच गल्लीत. घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंना डोळ्यांनी अंधुक दिसतं, पण रात्री आठची मालिका चुकवतील तर शपथ. ती मालिका आमच्या गावात घरोघरी चालते. आठ ते साडेआठ रस्त्यावर कुत्रंही भुंकत नाही. मोठं घर, तीन सुना, एक विधवा आत्या, आणि एक पत्र, जे महिनोन्‌महिने कोणी वाचत नाही. मी ती बघत नाही. माझी बायको बघते आणि मी त्याच खोलीत पेपर वाचतो, एवढंच.

सासूबाईंना पडद्यावरचं दिसत नाही म्हणून बाई शेजारी बसून सांगतात. मी एकदा पेपर परत द्यायला गेलो होतो, तेव्हा ऐकलं.

“आई, धाकटी रडत रडत स्वयंपाकघरात गेली. पश्चिमेच्या दारानं.”

“रडतेय ना? मग दार कुठलं का असेना!”

“तसं नाही. परवा ती याच दारातून अंगणात गेली होती.”

“मग?”

“मग स्वयंपाकघर कुठे गेलं?”

सासूबाईंनी डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला. “तू शाळेत पोरांची परीक्षा घेतेस तेवढी पुरे. त्या बिचारीचा संसार मोडतोय आणि तू भिंती मोजतेस! मला मेलीला जरा रडू दे.”

त्या रात्री सासूबाईंचं रडणं झालं की नाही, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी सातवीच्या वर्गात विचारलं, “आठची मालिका कोण कोण बघतं?” सगळे हात वर. अभ्यासाच्या प्रश्नाला त्या वर्गानं इतके हात कधी वर केले नव्हते. “मग त्या घराचा नकाशा काढा,” बाई म्हणाल्या.

झालं. ज्या पोरांना खंडांच्या सीमा काढायला सांगितल्या की पोटात दुखायचं, ती पोरं घराच्या जिन्यावरून भांडायला लागली. जिना दिवाणखान्यातून वर जातो की बोळातून? आत्याची खोली देवघराच्या वर की मागे? बाईंनी मोठा पांढरा कागद भिंतीवर लावला आणि तीन नियम घालून दिले. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तरच सरळ रेष. पाहिलं नाही, पण मालिकेत कोणीतरी बोललंय, जसं की ‘मागच्या वाड्यात विहीर आहे’, तर तुटक रेष. आणि जे कोणालाच माहीत नाही ती जागा कोरी ठेवायची. अंदाजानं भरायची नाही. अंदाजानं भरलेला नकाशा वाट चुकलेल्या माणसाला आणखी चुकवतो, असं त्या म्हणायच्या.

स्वयंपाकघर दोन ठिकाणी निघालं, तेव्हा वर्गात दंगल झाली. एकजण म्हणाला, एक खोडून टाकू. बाई म्हणाल्या, “घर आपलं आहे का? दोनदा दिसलं तर दोनदा काढायचं. मालिका चुकली असेल तर तिची चूकसुद्धा बरोबर काढायची.” मी तेव्हा दाराबाहेरून जात होतो. हे वाक्य मी शिक्षकखोलीत गेल्यावर हातावर लिहून घेतलं.

दीड महिन्यात तो कागद असा भरला, की मी रोज मधल्या सुट्टीत बघायला जायचो. खिडक्यांमधून सूर्य कधी येतो यावरून पोरांनी दिशा ठरवल्या होत्या. चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो, माझ्या तासाला त्या वर्गानं इतकी सफाईदार रेघ कधी मारली नाही. मला बाईंचा हेवा वाटला, आणि अभिमानही. दोन्ही एकदम वाटू शकतं.

पण चांगलं चाललेलं बघवेल ती शाळा कसली! चौकातले औषधवाले तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे आले. त्यांची मुलगी सातवीत. तक्रार अशी, की शाळा अभ्यासाच्या नावाखाली पोरांना मालिका बघायला लावते. “मी टीव्ही बंद करायला सांगतो, तर म्हणते गृहपाठ आहे! आणि माझी आई रडत असते, तेव्हा ही मध्येच विचारते, आजी, ऊन कुठल्या खिडकीतून आलं? आई आता जेवत नाही, म्हणते मालिकेत राम उरला नाही.”

आमचे मुख्याध्यापक माणूस वाईट नाहीत. फक्त घाबरट आहेत, आणि घाबरट माणसाच्या हातात शाळा असली की ती परिपत्रकांवर चालते. त्यांनी तक्रार वर पाठवली. वरून उत्तर आलं, की पुढच्या आठवड्यात तपासनीस येऊन सातवीचा भूगोलाचा तास बघतील आणि मग काय ते ठरेल. ठरण्यासारखं एकच होतं. सातवी बाईंकडून काढून नव्या सरांना द्यायची. नवे सर म्हणजे कानामागून आले आणि तिखट झाले असं प्रकरण. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतात, खोलीत अंधार करतात आणि अंधारात वर्ग झोपतो. गप्प बसलेला वर्ग आमच्याकडे हुशार वर्ग समजला जातो.

नकाशावाचनाचा धडा सातवीतच आहे. सातवी गेली की बाईंकडे उरले असते ते पाचवीचे ऋतू आणि दहावीची लोकसंख्या. त्या मला म्हणाल्या, “सर, मी सातवीसाठी शिक्षिका झाले. बाकीचे वर्ग मी नोकरी म्हणून करते.” इतकं उघड त्या कधी बोलत नाहीत. मी चहा मागवला, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना.

मुख्याध्यापकांनी मग तयारी सुरू केली. मालिकेचा नकाशा उतरवून लपवायचं काम माझ्याकडे आलं. मी तो गुंडाळून शिक्षकखोलीतल्या कपाटावर ठेवला आणि दिवसभर कोणाशी नीट बोललो नाही. फळ्यावर ‘सुस्वागतम्’ लिहायचं कामही माझंच. आणि मी ते लिहीत असतानाच सगळ्यात मोठी अक्कल त्यांनी स्वतः वर्गात येऊन पाजळली. पोरांना म्हणाले, “साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी उजव्या हातवाल्यांनाच उठवीन.”

पोरं खूश! शाळेनंच लबाडी शिकवायला घेतल्यावर विद्यार्थी मागे कशाला राहतील? बाई मात्र ताडकन म्हणाल्या, “सर, मी नाही हात निवडणार.”

“तुम्हाला कोण सांगतंय? मी निवडतो ना!”

“मुलांना येत नसेल तर ती ‘येत नाही’ म्हणतील.”

“बाई, तुमची सातवी जाईल!”

“जाऊ दे. पण खोटे हात वर करून नको.”

मला बाहेर आल्यावर भीती वाटली. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र ती दिसली नाही. त्या चालताना नेहमीसारख्या ताठ होत्या.

तपासनीस आले ते घड्याळाच्या काट्यावर. उंच, कोरडे, पन्नाशीचे गृहस्थ. चहाला नको म्हणाले, हाराला नको म्हणाले, थेट वर्गात गेले. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो, कारण पुढचा तास त्याच वर्गात माझा होता. तेवढं निमित्त मला पुरलं.

साहेबांनी वर्गाकडे पाहिलं. “मालिकेतल्या घराचा नकाशा काढणारा वर्ग तो हाच ना?”

मुख्याध्यापकांनी कपाळाचा घाम पुसला. “तसं काही नाही, साहेब...”

“हाच,” बाई म्हणाल्या.

“ठीक. म्हणजे त्या घरात पाण्याचा नळ कुठे आहे, हे यांना ठाऊक आहे.” साहेब पोरांकडे वळले. “आता मला सांगा, तुमच्या स्वतःच्या घरच्या नळाला पाणी कुठून येतं? फळ्यावर काढून दाखवा.”

प्रश्न अचूक होता, हे मला मान्य करावं लागलं. मला स्वतःला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं नळाखाली हात धुतले, पण पाइप भिंतीत शिरल्यावर पुढे कुठे जातो हे मी कधी विचारलं नव्हतं.

सगळे हात वर झाले. काही उजवे, बरेचसे डावे. मुख्याध्यापक फळ्यापाशी वर्गाकडे तोंड करून उभे होते. त्यांनी आपल्या उजवीकडचे हात पाहिले, हसले, आणि औषधवाल्यांच्या मुलीकडे बोट केलं. समोरासमोर उभ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे शाळेचा प्रमुख विसरला, तेही भूगोलाच्या तासाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलगी उभी राहिली. “मला येत नाही, सर.”

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं दुसरा हात निवडला. “मलापण नाही येत.” तिसरा शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा, त्याचे वडील बस चालवतात. त्यानं आधी आपल्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं, मग सरांकडे. “सर, माझा डावा आहे.”

वर्ग फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, आणि मला वाटलं, संपलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या बाजूला खिडकीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“येत नाही म्हणजे काहीच माहीत नाही का?” बाईंनी मुलीला विचारलं.

“थोडं माहीत आहे, बाई.”

“मग थोडं काढ.”

मुलीनं माझं ‘सुस्वागतम्’ पुसून टाकलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. तिनं नळ काढला, तिथून टेकडीवरच्या टाकीपर्यंत सरळ रेष ओढली. “टाकी आमच्या गच्चीवरून दिसते. पुढे कोरं.” आणि खडू ठेवून दिला. तेवढ्यात उंच मुलगा आपणहून पुढे आला. बाबांच्या बसमधून जाताना टाकीपासून निघणारा जाड पाइप रस्त्याच्या कडेनं पंपघरापर्यंत दिसतो, तो त्यानं वळणांसकट काढला. पंपघराच्या पुढे तो गेला नव्हता, म्हणून थांबला. मग दुसऱ्या बाकावरची एकजण उठली. “माझे आजोबा पाइपाच्या कामावर होते. ते म्हणतात, पंपघराच्या मागे घाट चढला की मोठी भिंत आहे.” तिनं भिंत तुटक रेषेत काढली.

एकालाही उत्तर येत नव्हतं, आणि फळ्यावर उत्तर जवळजवळ पूर्ण झालं होतं. मला शेवटच्या बाकावर बसवेना. उठून टाळ्या वाजवाव्यात असं वाटत होतं. कसाबसा बसून राहिलो.

साहेब पेन तसंच हातात धरून फळ्याजवळ गेले. “भिंतीच्या पलीकडे का नाही काढलं?”

“कोणी गेलेलं नाही,” औषधवाल्यांची मुलगी म्हणाली.

“भिंत आहे म्हणजे पलीकडे पाणी असणार. काढून टाका एक तळं अंदाजानं.”

“अंदाज नाही काढायचा,” चार-पाच जण एकदम म्हणाले. साहेबांना वर्गानं असं सुनावलेलं मुख्याध्यापकांना सोसलं नाही. ते पुढे झाले, पण साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि बाईंकडे वळले. “तुम्हाला तर माहीत असेल, बाई. तुम्ही भूगोल शिकवता.”

सोपं होतं. धरणाचं नाव पुस्तकात आहे, लांबीरुंदीही आहे. बाई ते घडाघडा बोलू शकल्या असत्या आणि सातवी वाचली असती. बाई म्हणाल्या, “पुस्तकात आहे ते मी वाचलंय, साहेब. पण वाचलेलं म्हणजे ऐकलेलंच. मी तिथे गेलेली नाही. फार तर तुटक रेषेत काढेन.”

साहेबांनी पेन खिशात ठेवून खडू उचलला. भिंतीच्या पलीकडच्या कोऱ्या जागेत एक पायवाट काढली. पायवाटेच्या टोकाला विहीर. विहिरीपासून घरांची ओळ. सरळ, न थांबता.

“साहेब, तुम्ही पाहिलंय का?” मुलीनं विचारलं. नियम म्हणजे नियम.

“पाहिलंय. हे तिसरं घर आमचं.” खडू थांबला. “पण आता ते नाही. भिंत बांधली आणि पाणी चढलं. तेव्हा मी तुमच्याएवढा होतो.”

पोरं फळ्याकडे बघत होती, आणि काहीजण, मला वाटतं, आपल्या घरच्या नळाचा विचार करत होती. मग त्या मुलीनं बाईंना विचारलं, “बाई, मग रेष कुठली?”

बाईंच्या तीन नियमांत याचं उत्तर नव्हतं. त्या खिडकीपासून निघून फळ्यापाशी आल्या, तिसऱ्या घराकडे पाहिलं.

“साहेबांनी स्वतः पाहिलंय. सरळ रेषेतच राहू द्यायचं,” त्या म्हणाल्या. “पाणी आपण नंतर काढू.”

साहेबांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी पुन्हा खडू लावला आणि घंटा होईपर्यंत काढत राहिले. शाळा, तिच्यापुढचं मैदान, मोठी शिळा, आणि नदी, जिला तेव्हा स्वतःचं पात्र होतं. पोरं एकेक विचारत होती आणि ते सांगत होते. कुठे नक्की आठवलं नाही, तिथे त्यांनी आपणहून तुटक रेष ओढली.

बाहेर पडताना त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता. व्हरांड्यात मुख्याध्यापक पुटपुटले, “सातवीचं काय करायचं, साहेब? नवे सर तयार आहेत.”

“सातवी बाईंकडेच राहील. तसं लेखी पाठवतो,” साहेब म्हणाले. “आणि त्या औषधवाल्यांना सांगा, मुलीला मालिका बघू द्या. फक्त म्हातारी रडत असताना प्रश्न विचारू नये म्हणावं.”

बाईंनी हे ऐकलं. त्यांनी मान हलवली, आभार मानले नाहीत, आणि पाचवीच्या वर्गाकडे निघून गेल्या. दाराशी मात्र क्षणभर भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या, ते मी पाहिलं.

पुढचा तास माझा. फळा कडेपासून कडेपर्यंत भरलेला होता. तो पुसायची माझी छाती झाली नाही आणि पोरांनीही तशी इच्छा दाखवली नाही. मी सांगितलं, फळ्यावर आहे ते तसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. तासभर पेन्सिलींशिवाय कसलाच आवाज नव्हता. टेबलावर रंगीत खडूंचा डबा उघडा होता, त्यात निळा खडू अख्खा होता. कोणीही तो मागायला आलं नाही.